एकच कार्ट्रिज, सहा सुया: लाखेच्या तबकडीपासून नव्या एलपीपर्यंत व्हीएम९५

बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर या पट्ट्यात एखाद्या जुन्या घराच्या माडीवरून रेकॉर्डींचा गठ्ठा खाली आला, की तो एका जातीचा सहसा नसतो. तळाशी लाखेच्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या: नाट्यपदं, किराण्याच्या गवयांच्या तीन मिनिटांच्या चिजा, कानडी दासपदं. त्यावर भावगीतांच्या आणि सिनेमाच्या सात इंची ईपी. मग ख्यालाच्या एलपी. आणि हल्ली घरातल्या नव्या पोरांनी मागवलेल्या जाझच्या, रॉकच्या जाडजूड नव्या प्रती. या सगळ्यांच्या खाचा वेगळ्या मापाच्या आहेत, झिजही वेगळी आहे. एकाच सुईने सगळं वाजवलं तर काही रेकॉर्डी वाईट वाजतात आणि काही कायमच्या बिघडतात.

ऑडिओ-टेक्निका कंपनीची व्हीएम९५ ही कार्ट्रिजची (सुई धरून तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) मालिका अशा मिश्र गठ्ठ्यासाठी घ्यावी, कारण तिचं अंग एकच आहे आणि त्यात सहा प्रकारच्या सुया बसतात. ही मालिका २०१८ साली आली. आत व्ही आकारात बसवलेली दोन छोटी चुंबकं असतात, डाव्या-उजव्या आवाजासाठी एकेक. रेकॉर्ड कापणाऱ्या यंत्राची रचनाही तशीच कोनात असते. अंगाचं वजन ६.१ ग्रॅम, त्यामुळे बहुतेक टोनआर्मवर (कार्ट्रिज धरणारा टर्नटेबलाचा दांडा) विनातक्रार बसतं. स्क्रूसाठी आटे अंगातच आहेत, खालून नट धरायची कसरत नाही. ज्यांनी जुन्या कार्ट्रिजचे तांदळाएवढे नट फरशीवर शोधलेत, त्यांना याची किंमत कळेल.

सहा सुया अशा: सी म्हणजे साधी गोल टोकाची, ०.६ मिल. ई म्हणजे लंबगोल, ०.३ बाय ०.७ मिल. ईएन तीच लंबगोल, पण हिरा थेट दांडीला (जिच्या टोकाला सुई असते ती बारीक कांडी) बसवलेला. एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर. एसएच म्हणजे शिबाटा. आणि एसपी म्हणजे अठ्ठ्याहत्तरसाठीची ३ मिलची जाड गोल सुई. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

आधी एलपीचं बोलू, कारण पैसे तिथे जातात.

बाजारात बहुतेक ठिकाणी ई मिळते, काही तयार टर्नटेबलांवरही तीच लावलेली असते. सिनेसंगीत, भावगीतं, रॉक यांसाठी ती पुरेशी आहे. डग्ग्याचा घुमार भरीव येतो, आवाज पुढे येतो, गाणाऱ्याचे शब्द स्पष्ट. पण ख्यालाच्या एलपीवर ती एका ठराविक जागी कमी पडते, आणि ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे.

एलपी एका मिनिटात ३३ १/३ फेरे घेते, बाहेरच्या काठालाही आणि लेबलाजवळही. पण काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलाजवळ फक्त २१. म्हणजे तोच आवाज आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. लाटा आखूड, वळणं तीव्र. जाड टोकाची सुई त्यात नीट उतरत नाही, आणि आवाज खरखरतो, 'स'चा 'श' होतो. सिनेमाच्या रेकॉर्डवर शेवटचं गाणं हळुवार असलं तर हे जाणवतही नाही. ख्यालाचं मात्र उलटं आहे. बाजू सुरू होते विलंबिताने, शांत आलापीने, म्हणजे जिथे जागा भरपूर तिथे काम कमी. बाजू संपते द्रुतात, तार सप्तकातल्या तानांवर, तबला जोरात, हार्मोनियम मागे धावतंय. जिथे खाच सर्वात आखूड, तिथेच गाणं सर्वात दाट. भीमसेन जोशींची एखादी एलपी शेवटच्या तीन मिनिटांत फाटल्यासारखी वाटते, तेव्हा दोष नेहमीच रेकॉर्डचा नसतो.

एमएल सुई इथे आपली किंमत वसूल करते. तिचं टोक खाचेच्या भिंतीला उभ्या बाजूने लांब, पण खाचेच्या दिशेने अतिशय अरुंद टेकतं, जवळजवळ कापणाऱ्या सुईसारखं. आखूड लाटाही तिला वाचता येतात. तानेतला प्रत्येक स्वर सुटा राहतो, तबल्याच्या किनारीचा आघात आणि गाणाऱ्याचा आकार एकमेकांत मिसळत नाहीत. दुसरा फरक शांततेत कळतो. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे; क्षयाच्या आजारानंतर देवासला राहून त्यांनी जी गायकी उभी केली, तिच्यात छोट्या, झपकन येणाऱ्या जागा आणि त्यांच्यामधले मोकळे श्वास यांना फार मोल आहे. त्या मोकळ्या जागी तंबोऱ्याची जवारी ऐकू यायला हवी. गोल सुईने तिथे चरचर पुढे येते, एमएलने तंबोरा. ख्यालाचा संग्रह मोठा असेल तर ई घेऊन थांबू नका, हे आमचं ठाम मत.

पैशाचा हिशोबही तसाच पडतो. कंपनीच्या आकड्यांनुसार लंबगोल सुई सुमारे ३०० तास चालते, गोल ५००, शिबाटा ८००, मायक्रोलिनिअर १०००. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली तर पाऊण तास, वर्षाला साधारण २७० तास. म्हणजे ई वर्षभरात संपते, एमएल साडेतीन वर्षं चालते. एमएलची किंमत ईच्या अडीच-तीन पट धरली तरी तासाचा दर जवळपास सारखाच येतो, आणि झिजलेल्या लंबगोल सुईने रेकॉर्डी खरवडल्या जात नाहीत, हा फायदा वेगळा. तास वहीत लिहा. सुई झिजली हे कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

शिबाटाबद्दल थोडक्यात: चांगली आहे, आवाजाला एक ऊब आहे, पण एमएल मिळत असताना आयुष्य कमी असलेली सुई घ्यायला आम्हाला कारण दिसत नाही. ईएन मधल्या मध्ये राहते.

आता सी. साधी, स्वस्त, गोल सुई म्हणून लोक तिच्याकडे बघत नाहीत. पण आपल्याकडच्या जुन्या एलपी आणि ईपींसाठी ती एक हत्यार आहे. १९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या चेंजरवर, सिरॅमिक कार्ट्रिजखाली, पाच-सहा ग्रॅम वजनाने आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या सुईने वाजल्या आहेत. ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघा: चकाकती काळी असेल तर ठीक, राखाडी पट्टा दिसला तर खाचेच्या भिंती घासल्या गेल्यात. अशा रेकॉर्डीवर बारीक सुई कधी झिजेच्या खालचा शाबूत भाग शोधून काढते आणि रेकॉर्ड अचानक जिवंत होते. कधी नेमका घासलेला भागच उलगडून दाखवते, मग प्रत्येक जोराच्या शब्दावर खरखर. आधी कळत नाही. म्हणून सी आणि बारीक सुई दोन्ही जवळ ठेवाव्यात आणि दोन-दोन मिनिटं लावून बघावं. सुई बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम: टोनआर्म कुलपात अडकवा, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, सुईचा रंगीत भाग दोन बोटांत धरून पुढे आणि किंचित खाली ओढा, दुसरी सरळ आत सरकवा, टक् झालं की बसली. एलपीच्या या सर्व सुयांचं रेकॉर्डवर टेकण्याचं वजन तेच, १.८ ते २.२ ग्रॅम, नेमकं २.०. त्यामुळे टोनआर्म पुन्हा जुळवावा लागत नाही.

एसपीला मात्र जुळवावा लागतो. आणि या मालिकेचं आपल्या भागासाठी खरं महत्त्व तिच्यातच आहे.

लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची बारीक सुई तिच्यात टाकली तर ती भिंतींना धड न टेकता तळाशी लोळते, जिथे शंभर वर्षांची धूळ आणि जुन्या पोलादी सुयांची भुकटी बसली आहे. गाणं दूर, खरखर जवळ. शिवाय लाखेत कडकपणासाठी दगडाची पूड मिसळलेली असते, तिने बारीक हिऱ्याची वाट लागते. लोक म्हणतात "जुन्या रेकॉर्डींचा आवाजच तसा". तसा नसतो. ३ मिलची सुई भिंतींवर मध्यावर टेकली की त्याच तबकडीतून हार्मोनियमचं अंग, गळ्याचं वजन, श्वाससुद्धा येतो.

गंगूबाई हनगलांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या 'गांधारी हुबळी' या नावाने निघाल्या होत्या. त्यातला गळा पातळ, उंच; पुढे गळ्यावरच्या उपचारानंतर तो भारदस्त झाला आणि एलपींवर आपण ओळखतो तो हाच. दोन्ही एका बैठकीत ऐकायचे तर आधीच्यासाठी एसपी आणि नंतरच्यासाठी एमएल लागते. चुकीच्या सुईने ऐकलं तर पातळ गळा चरचरीत हरवतो, आणि ऐकणारा तो फरक गायिकेच्या खात्यावर टाकतो. हे होऊ नये.

एसपीचं वजन ४.५ ते ५.५ ग्रॅम, नेमकं ५. बऱ्याच टोनआर्मच्या मागच्या वजनावरचे आकडे तीन-चारपर्यंतच असतात. आकड्यांवर विसंबू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर सुई टेकवून मागचं वजन पुढे आणत जा. अँटी-स्केट (टोनआर्मची आत जाणारी ओढ रोखणारी कळ) जास्तीत जास्तवर. आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी: अठ्ठ्याहत्तर संपली की आधी वजन २.० वर आणायचं, मगच एलपीची सुई बसवायची. ५ ग्रॅमवर एमएल टेकली तर दांडी वाकते, आणि ती सरळ होत नाही. टोनआर्मचं हेडशेल (पुढचा भाग, ज्यावर कार्ट्रिज बसतं) निघणारं असेल तर दुसऱ्या हेडशेलवर दुसरं अंग आणि एसपी कायमची ठेवावी. वजन तरी बदलावंच लागतं, पण सुया अदलाबदल होण्याची चूक टळते.

सुई बरोबर झाली तरी अठ्ठ्याहत्तरच्या आणखी तीन अडचणी उरतात.

पहिली, स्टिरिओ कार्ट्रिज वर-खालची हालचालही वाचते. या तबकड्यांत गाणं फक्त आडव्या हालचालीत आहे. वर-खाली आहे तो नुसता कचरा. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा, खरखर लक्षात येण्याइतकी खाली जाते. बटण नसेल तर टर्नटेबल आणि फोनोच्या (रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवणारा प्री-अ‍ॅम्प) मध्ये दोन वाय आकाराचे आरसीए जोड पाठीला पाठ लावून डावं-उजवं एकत्र करता येतं.

दुसरी, आजचा प्रत्येक फोनो प्री-अ‍ॅम्प १९५४च्या आरआयएए वक्रावर चालतो, आणि तो १० किलोहर्ट्झला आवाज जवळजवळ १४ डेसिबल खाली ओढतो. कारण एलपी कापताना तेवढा वर चढवलेला असतो. जुन्या तबकडीत तो चढवलेलाच नसतो, म्हणून गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. ट्रेबल बरंच वर, बेस जरा खाली, हा साधा उपाय. खरखर वाढेल या भीतीने ट्रेबल खालीच ठेवणारे शब्दांचे शेंडे गमावून बसतात.

तिसरी, वेग. अठ्ठ्याहत्तर नाव असलं तरी सगळ्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. पिच कमी-जास्त करता येणारं टर्नटेबल असेल तर हार्मोनियमच्या एका लांब स्वरावर फोनमधला ट्यूनर धरा. स्वर दोन पट्ट्यांच्या अधेमध्ये लटकत असेल तर वेग हलवून जवळच्या पट्टीवर आणा. जुनी हार्मोनियमं आजच्या मापात असतीलच असं नाही, तेव्हा शेवटचा निवाडा गळ्याचा: आकार नैसर्गिक वाटतो का ते ऐका.

वेगाचाच आणखी एक घोटाळा इथे नेहमी भेटतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुनं टर्नटेबल पाठवलेलं असतं. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, म्हणून ते इथे पाच षष्ठांश वेगाने चालतं: ३३ १/३ ऐवजी जेमतेम २७.८. काळी एकचा षड्ज मंद्रातल्या शुद्ध धैवतावर जाऊन बसतो, आणि गाणारा आजारी वाटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. पन्नासची पुली मिळाली तरच ते यंत्र उपयोगाचं. डीसी मोटरवाल्या नव्या यंत्रांना हा त्रास नाही.

उलट, माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत लावली आणि पहिली बाजू हार्मोनियमशी थोडी चढी लागली, तर टर्नटेबलाला दोष देऊ नका. मुद्रणावेळी टेप यंत्र जरा हळू चाललं होतं, म्हणून ती बाजू रेकॉर्डवर चढी झाली. १९९२नंतरच्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. ही रेकॉर्ड झांजेवर ब्रशचा स्पर्श ऐकण्यासाठी फार चांगली कसोटी आहे. आपल्याकडची तशीच कसोटी म्हणजे १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली': शिवकुमार शर्मांच्या संतूरच्या कलमाचा आघात आणि त्यामागची झंकार वेगळी ऐकू आली पाहिजे, हरिप्रसादांच्या बासरीत फुंक ऐकू आली पाहिजे. ईवर संतूर जरा काचेसारखा कडक होतो. एमएलवर तारेची तार राहते.

बसवण्याची कृती. हेडशेलच्या चार तारा: पांढरी डाव्या अधिकला, निळी डाव्या उण्याला, लाल उजव्या अधिकला, हिरवी उजव्या उण्याला. एक बाजू उलटी लागली तर आवाज मधोमध न येता पोकळ पसरतो आणि डग्गा गायब होतो. बारीक चिमटा वापरा, तारेचं टोक ढिलं असेल तर दाताच्या काडीवर जरा दाबून घट्ट करा. जोर लावून पिनवर ढकललं तर पिन आत जाते आणि अंगच बाद. मग कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची आखणी) छापून घ्या, बेअरवाल्ड पद्धतीचा, शून्य बिंदू ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर. झेरॉक्सच्या दुकानात छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करायला सांगा, नाहीतर कागद तीन-चार टक्के आखडतो आणि सगळी मेहनत वाया; हातात आल्यावर पट्टीने मोजून बघा. दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजची बाजू रेघांना समांतर आली की स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने कसा. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना टोनआर्म बाजूने आडवा, समांतर दिसला पाहिजे. वजन २.० ग्रॅम, अँटी-स्केट २.

या कार्ट्रिजची एक नाजूक बाजू आहे. त्याला ४७ किलोओहमचा भार लागतो, तो सगळीकडे असतोच. पण वायर आणि फोनो मिळून कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० ते २०० पिकोफॅरडच्या आत हवा. लांब, स्वस्त आरसीए वायर एकटीच दीडशे खाते, फोनोत आणखी दोनशे बसवलेले असतात. बेरीज साडेतीनशे झाली की वरचा आवाज कर्कश होतो, आणि लोक सुई बदलत बसतात. आधी वायर मीटरभराची करा.

गुणगुण येत असेल तर ती बहुधा अर्थिंगची. टर्नटेबलाची बारीक वायर फोनोच्या अर्थिंग स्क्रूला लावा. गल्लीतल्या जुन्या घरांत तीन पिनचे सॉकेट असतात, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. वायरमनकडून ते तपासून घ्यावं. माडीवर फळ्यांची जमीन असेल तर माणूस चालला की सुई उडते. तिथे टेबलाखाली फोम घालण्यापेक्षा भिंतीत ब्रॅकेट मारून फळीवर टर्नटेबल ठेवा.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, तिथे रेकॉर्डी काय कोरड्या राहणार! खाचेत बुरशीचं पांढरं जाळं धरतं. अशी रेकॉर्ड न धुता लावली तर सुईवर कापसासारखा गोळा जमतो आणि बाजूच्या मध्येच आवाज दबतो. रेकॉर्डी उभ्या ठेवा, भिंतीपासून चार बोटं दूर, जुनी चिकटलेली प्लास्टिकची पाकिटं टाकून नवी पॉलिथिनची घाला. एलपी धुवायला ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या बिनरंगी द्रवाचे तीन-चार थेंब, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल कधीही लावू नका: लाख त्यात विरघळते, गाण्यासकट. तिला फक्त पाणी आणि दोन थेंब साबण, लेबल कोरडं ठेवून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, आणि लगेच टिपून घ्यायचं. भिजत घालायची नाही.

घ्यायचं काय? फक्त सिनेमा आणि भावगीतं असतील तर ई. ख्याल असेल तर एमएल, आणि जुन्या झिजलेल्या प्रतींसाठी सोबत सीची सुटी सुई. गठ्ठ्यात दहा तरी शाबूत अठ्ठ्याहत्तर निघाल्या आणि टर्नटेबलावर तो वेग असेल तर एसपी, डिजिटल काट्यासह. अठ्ठ्याहत्तर आधी बोटाने हलकं टिचकवून बघा. टणक आवाज आला तर धड, बदबद आला तर तडा आहे, तिच्यावर सुई ठेवू नका.